दोन पियानो, एक भजनी पेटी

कोल्हापुरात बाबूजमाल दर्ग्याकडं जाणाऱ्या बोळात गैबी तंबुरेवाल्याचं दुकान होतं. दुकान म्हणजे पुढं एक ओटा, आत सुक्या भोपळ्यांची रास, भिंतीला टेकवलेले पाच-सहा तंबोरे आणि दारावर एक सागवानी पाटी. पाटीवर काळ्या रंगात पांढरी अक्षरं होती : 'येथे सूर शुद्ध करून मिळतील.'

ही पाटी मुळात मिरजेची. गैबी कोवळ्या वयापासून बावीस वर्षांचा होईपर्यंत मिरजेला उस्तादांच्या हाताखाली तंबोरे घडवत होता. एके दिवशी उस्तादांनी चार तंबोरे ओळीनं मांडले, गैबीला पाठमोरा बसवलं आणि एकेक तार छेडत गेले. कुठली तार केसभर उतरली आहे ते त्यानं प्रत्येक वेळी बिनचूक सांगितलं. उस्ताद उठले, स्वतःच्या दुकानावरची पाटी खिळ्यांसकट उपटली आणि त्याच्या हातात दिली. "माझा कान आता थकला. जिथं कान तिथं पाटी," एवढंच म्हणाले. त्या पाटीवर गैबीनं पुढची वीस-बावीस वर्षं रोज सकाळी फडकं मारलं.

माणूस किडकिडीत, पण कान मोठे. त्याची बायको मेहमुदा म्हणायची, "ह्यांनी खाल्लेलं सगळं कानाला लागतंय. अंगाला लागलं असतं तर तालमीत नाव काढलं असतं." तिच्या हातून घागर दगडाला लागली तरी आतून सुराचं नाव यायचं, "काळी तीन." आणि दुसऱ्यांदा लागली तर, "आता उतरली. चीर पडली बघ."

तंबोऱ्यांनी त्याला पोट दिलं, पण नाव दिलं ते पेटीनं. त्या काळात जर्मनीहून आणि फ्रान्सहून पेट्या येत. आवाज खणखणीत, पण गवयी कुरकुरत. पेटीचा गंधार चढा लागतो, पंचम जरासा उतरलेला वाटतो, तंबोऱ्याशी पटत नाही. गैबी पेटी उघडायचा, आतल्या पितळी पट्ट्या बारीक कानशीनं घासायचा आणि बारा सूर गवयाच्या तंबोऱ्याशी असे मिळवून द्यायचा की पेटी वाजते आहे की तंबोराच बोलतो आहे ते कळू नये. दरबारातले गवयी, नाटक मंडळ्या, गाण्याचा नाद असलेले वकील, सगळ्यांच्या पेट्या त्याच्या हाताखालून गेल्या. पेट्या विकणारा दुकानदारसुद्धा नवी पेटी आधी गैबीकडं धाडायचा आणि मगच फळीवर मांडायचा.

काम हातात घेण्याआधी तो एकच प्रश्न विचारायचा. "पट्टी कुठली?" म्हणजे गाणाऱ्याचा सा कुठल्या सुरावर बसतो? ते ठरलं की बाकीचे अकरा सूर त्या साभोवती बसवायचे. सा हे घर. घर ठरल्याशिवाय खोल्या कशा आखायच्या?

त्याच्या हातून सुटलेली पेटी त्या मुलखात एकच होती. नृसिंहवाडीच्या उत्सवात एकदा हातकणंगल्याची भजनी मंडळी बसली होती. पेटीवर जोतीराम नावाचा शेतकरी. गैबी घाटाच्या पायरीवर ऐकत होता. त्याच्यानं राहवलं नाही. भजन संपल्या संपल्या पन्नास माणसांत त्यानं सांगून टाकलं, "पेटी बेसूर हाय. तासाभरासाठी माझ्याकडं द्या, सुधरून देतो." जोतीरामानं पेटी मांडीवर ओढून घेतली. "जशी जर्मनीतनं आली तशी हाय. हिला कानस लागणार न्हाई. आणि पुन्हा माझ्या पेटीला नावं ठेवाय आलात तर मिस्त्री, ह्याच घाटावर बुडवीन." त्यानंतर दहा वर्षं दोघं एकमेकांना बघून रस्ता बदलत होते.

सन १९१२चा डिसेंबर उजाडला आणि गैबीच्या दुकानात एक गोरी बाई आली.

तिचं नाव मिस हेन्शॉ. छावणीच्या वाटेवर मुलींची एक मिशन शाळा होती, तिची ती मुख्य बाई. गावात तिला हेनशाबाई म्हणत. मराठी ती पुस्तकातून शिकलेली होती, त्यामुळं तिच्याशी बोलताना आपलंच काही चुकतंय असं माणसाला वाटायचं. तिच्याबरोबर शिरीनबाई होती. छावणीत मोठं दुकान असलेल्या पारशी शेटजींची ही बायको, अंगानं भरलेली, बोलायला मोकळी. शाळेत एक पियानो होता आणि शिरीनबाईच्या बंगल्यात एक. सहा वर्षं दोघी आळीपाळीनं एकमेकींकडं जाऊन वाजवत होत्या, एक वाजवायची आणि दुसरी ऐकायची. आता शाळेचा नवा हॉल बांधून झाला होता. पुढच्या शनिवारी त्याच्या उद्घाटनाला दोघींनी दोन पियानो समोरासमोर ठेवून एक चीज वाजवायची ठरवली होती. ही चीज मुळात दोन पियानोंसाठीच रचलेली. एकटीनं वाजवली तर अर्धीच राहते.

"मुंबईचा ट्यूनर दर वर्षी नाताळापूर्वी येतो," हेनशाबाई म्हणाली. "यंदा त्याची तार आली. तो येऊ शकत नाही. आम्हांस असे कळले की आपला कान उत्तम आहे."

"दोघा पियानोला एक करून दे, गैबीभाई," शिरीनबाई म्हणाली. "आता एक पूर्वेला तोंड करून बसलाय ने दुसरा पश्चिमेला."

गैबीनं आयुष्यात पियानोला हात लावला नव्हता. पण तारा आहेत, खुंट्या आहेत, सूर बाराच आहेत, मग भ्यायचं कशाला? त्यानं नेहमीचा प्रश्न टाकला. "पट्टी कुठली?"

दोघींनी एकमेकींकडं पाहिलं. चीज सुरू कुठून होते ते विचारतोय, असा अर्थ हेनशाबाईनं घेतला. "पांढरी पहिली," ती म्हणाली.

"झालं मग. शनवारी वाजवा खुशाल."

हे बोलणं ओट्यावर बसलेल्या हंबीररावांनी ऐकलं. हंबीरराव म्हणजे कुस्ती सुटलेले पण खुराक न सुटलेले पैलवान. दुपारची झोप ते गैबीच्या ओट्यावर घ्यायचे. बायका गेल्यावर ते एक डोळा उघडून म्हणाले, "गैबीभाई, तंबोऱ्याला चार तारा. त्या पेटाऱ्यात किती असतात ठाऊक हाय का?"

"किती का असंनात."

"मी बघितलंय आतनं. मागाचा ताणाच हाय सगळा. तू गुतशील त्यात."

"पैलवान, दोन पियानो जुळलं न्हाईत तर ही पाटी उतरवून चुलीत घालीन."

बोलून गेल्यावर त्याला आपल्याच तोंडाचं आश्चर्य वाटलं. पण तोपर्यंत हंबीररावांचे दोन्ही डोळे उघडले होते, आणि त्यांच्या कानावर पडलेली गोष्ट तालमीत, तालमीतून तळ्यावर आणि तळ्यावरून साऱ्या पेठेत जायला दिवस पुरत असे.

शिरीनबाईचा पियानो बैलगाडीतून, खाली उसाचं पाचट घालून, शाळेत आला. दोन्ही पियानो नव्या हॉलात समोरासमोर उभे राहिले. हंबीरराव बघायला आले होतेच. "जोड तर बरी लागली," ते म्हणाले. "पंच कोण?"

गैबीनं लोहाराकडून खुंट्यांच्या मापाची चौकोनी तोंडाची चावी करून घेतली होती. बोटानं दाबायच्या एका पट्टीला तीन तीन तारा, त्यातल्या दोन गप्प करायला घोंगडीचे तुकडे कापून पाचरी केल्या होत्या. आधी त्यानं शिरीनबाईचा पियानो ऐकला. तो तिनं मुंबईच्या माणसाला मध्येच एकदा बोलावून पाच महिन्यांपूर्वीच लावून घेतलेला होता. गैबीनं सा आणि पंचम एकत्र दाबले आणि कपाळाला आठी घातली. दोन सूर नीट मिळाले की एकजीव होऊन स्थिर उभे राहतात. किंचित चुकले की आवाजात लाटा उठतात, वांव, वांव, वांव. इथं संथ लाट येत होती. पंचम केसभर उतरलेला. त्यानं पुढचा पंचम पाहिला. तोही तसाच. गंधार तर थंडी भरल्यासारखा थरथरत होता. बाराच्या बारा जागी हाच प्रकार.

"मुंबईचा माणूस घाईत असणार," गैबी स्वतःशी म्हणाला, आणि चावी खुंटीला लावली.

सोमवार आणि मंगळवार तो हॉलात होता. पांढऱ्या पहिल्याला सा धरून त्यानं दोन्ही पियानोंचे सगळे सूर धुऊन पुसून स्वच्छ केले. मंगळवारी चार वाजता त्यानं दोन्ही पियानोंवर एकदमच सा, गंधार, पंचम दाबले. हॉलाच्या नव्या भिंती गुणगुणल्या. कुठं लाट नाही, थरथर नाही. उस्ताद असते तर त्यांनी पान पुढं केलं असतं.

बुधवारी तालीम होती. गैबी दाराशी बसला, शेजारी हंबीरराव. दोघी बायका एकमेकींकडं तोंड करून बसल्या, हेनशाबाईनं मान हलवली आणि चीज सुरू झाली. पहिलं पान म्हणजे साय होती. शिरीनबाई वाजवता वाजवता हसायला लागली, इतकं ते गोड होतं. गैबीनं हंबीररावांच्या बरगडीला कोपर लावलं.

मग पान उलटलं, आणि मांजराच्या शेपटीवर कुणीतरी पाय दिला.

दोघी थांबल्या. पुन्हा वाजवलं. मांजर पुन्हा ओरडलं. त्या पुढं गेल्या, काळ्या पट्ट्यांकडं वळल्या, आणि आता एकाची चार मांजरं झाली. शिरीनबाईनं हात मांडीवर घेतले.

"गैबीसाहेब," हेनशाबाई म्हणाली, "पहिले पान अतिशय सुंदर. दुसरे ऐकवत नाही."

"पण जुळल्यात की," हंबीरराव म्हणाले. "दोघं बी एका सुरात रडत्यात. गैबीभाई, तू जिंकलास. पाटी राहिली तुझी."

ते मनापासून म्हणाले होते. पैज नुसती जुळण्याची होती आणि दोन्ही पियानो तिळाचाही फरक न करता जुळले होते. पण गैबीचा चेहरा उतरला. तो उठून पियानोजवळ गेला.

"बाई, दुसऱ्या पानाला सा कुठं हाय?"

हेनशाबाईनं बोट ठेवलं. तो रे होता. "येथे. तिसऱ्या पानावर येथे. त्यानंतर येथे."

"एकाच चीजेत?"

"एकाच."

"मग गाणारा बसतो कुठं?"

"बसत नाय रे," शिरीनबाई म्हणाली. "फिरतो. फिरून फिरून शेवटी घरी येतो."

गैबीनं रे आणि ध एकत्र दाबले. रे जर सा झाला, तर ध हा त्याचा पंचम. आणि तो पंचम तुटका होता, चांगलाच तुटका. त्यानं एका घराच्या खोल्या इतक्या नेमक्या आखल्या होत्या की शेजारच्या घराला भिंतच उरली नव्हती. दोघींना घरी जायला सांगून तो एकटा बसला आणि सा पासून पंचमावर, त्या पंचमाच्या पंचमावर, असा शुद्ध उड्या मारत कानानं चढत गेला. बारा उड्यांत माणूस पुन्हा आपल्याच दारात यायला हवा. गैबी आला तो उंबऱ्याच्या थोडा वर. पुन्हा चढला, पुन्हा तेच. तेव्हा त्याला मुंबईचा माणूस समजला. तो घाईत नव्हता. उंबऱ्यावरचं ते जास्तीचं एवढंसं त्यानं बारा पंचमांत सारखं वाटून टाकलं होतं, कुणालाच फार लागू नये असं. बाराही घरं थोडी थोडी वाकडी, पण बाराही राहण्याजोगी.

आणि तो नमुना, कोल्हापुरातला एकुलता एक नमुना, गैबीनं सोमवारी स्वतःच्या हातानं सुधारून टाकला होता.

"जेवाय बसा," मेहमुदानं घरी ताट वाढलं. त्यानं भाकरी मोडली आणि हातातच ठेवली. मग सगळं सांगितलं. मेहमुदाला सुरातलं काही कळत नव्हतं, पण नवऱ्यातलं कळत होतं.

"मग पुन्हा बिघडवा. तुमास्नी काय अवघड हाय?"

"किती बिघडवायचं ते कळाय नको? मोहरीचा दाणा बारा जणांत वाटायचा हाय. जरा इकडंतिकडं झालं की संपलं. महिना द्या, जमवीन. शनवारपातूर न्हाई."

"त्या मुंबईवाल्यानं बिघडवल्यागत दुसरी वस्तू न्हाई गावात?"

"हाय की. जर्मन पेटी. कारखान्यातनं अशीच येती."

"मग एक मागून आणा."

गैबी बोटं मोडत बसला. दरबारच्या गवयाची, सुधारलेली. नाटक कंपनीची, सुधारलेली. वकिलांची, दोनदा सुधारलेली. दुकानात विकायला ठेवलेल्या तीन, तिन्ही गेल्या महिन्यात सुधारलेल्या. जो जो माणूस आठवला त्याच्या पेटीवर आधी गैबीची कानस फिरलेली होती.

"साऱ्या मुलखात एक तरी शहाणा असंल," मेहमुदा म्हणाली, "ज्यानं तुमचं ऐकलं न्हाई."

गैबीनं घास गिळला. "एक हाय," तो म्हणाला. "हातकणंगल्यात."

गुरुवारी सकाळच्या गाडीनं तो हातकणंगल्याला उतरला. जोतीरामाच्या शेतात गुऱ्हाळ चालू होतं. काहिलीत रस उकळत होता आणि जोतीराम लांब दांड्याच्या झाऱ्यानं मळी काढत होता. त्यानं पाहुण्याला ओळखलं, पण ओळख दिली नाही.

"कोण गावचं पावणं?"

"मी गैबी. कोल्हापूरचा मिस्त्री."

"त्योच का, वाडीच्या घाटावरला?"

"त्योच."

"पेटी सुधराय आलासा?"

"न्हाई. मागाय आलोय."

जोतीरामाचा झारा थांबला. गैबीनं काहिलीच्या धगीत उभ्यानं सगळी हकिकत सांगितली, पाटीच्या पैजेसकट. ऐकता ऐकता जोतीराम खाली बसला. हसू आवरेना म्हणून बसला. डोळे पुसून तो म्हणाला, "म्हंजी बेसूर पेटी हुडकत तुमी आगगाडीनं आलासा."

"व्हय."

"मिस्त्री, दहा वर्सामागं तुमी घटकाभर बसला असता तर सांगितलं असतं. आमच्या भजनात सात बुवा. एकाचा गळा पांढरी चारला, एकाचा काळी दोनला, आमच्या मामाचा तर रोज येगळीकडं. तुमी एका पट्टीला पेटी गोड करून दिली असती, बाकीच्या सहांनी काय टाळ कुटायचं?"

दहा वर्षं गैबी ज्याला अडाणी समजत होता त्यानं त्याला दोन वाक्यांत बारा घरांचा हिशेब सांगितला होता.

"पेटी देतो," जोतीराम म्हणाला. "पर माझ्या मांडीवरनं ती हालणार न्हाई. पेटी येईल तिथं मी येणार. आणि काम झाल्यावर चार माणसांत सांगायचं, माझी पेटी सुरात हाय का बेसूर."

"खरं काय ते सांगीन."

"खरंच सांगा. खोटं बोलला तर मला कळंल. मी बी कानाचंच खातो, थोडं थोडं." मग त्यानं ताज्या गुळाचा एक खडा गैबीच्या हातावर ठेवला. "हे घ्या. ही काहील उतरल्याबिगर मला निघता येणार न्हाई. उद्याच्या गाडीनं येतो."

शुक्रवारी जोतीराम फेटा बांधून, पेटी पोराला घ्यावी तशी कडेवर घेऊन शाळेत आला. खुर्ची त्यानं नाकारली. नव्या फरशीवर घोंगडं अंथरून मांडी घातली आणि भाता हलवायला लागला. पेटी पियानोंपेक्षा किंचित खालच्या आवाजाची निघाली. गैबीला ते बरंच वाटलं, कारण जुनी तार चढवायला गेलं की तुटायची भीती, उतरवायला नाही. जोतीरामानं एक सूर धरायचा आणि गैबीनं तार त्याच्याशी येईपर्यंत चावी फिरवायची, असं काम सुरू झालं. मधले बारा सूर पेटीवरून घ्यायचे, मग त्यांवरून खालचे आणि वरचे.

अवघड गेलं ते गैबीच्या हाताला. हात तीस वर्षांचा शिकलेला. पंचम जवळ आला की तो आपोआप शुद्ध जागेकडं सरकायचा.

"मिस्त्री," जोतीराम खालून म्हणायचा, "सुधराय लागलासा."

गैबी चावी मागं घ्यायचा.

"अजून खाली. अजून. बास, हात काढा. काढा म्हंतो ना."

"पंचमाला लाट येती रं."

"येऊ द्या. माझ्या पेटीत पंधरा वर्सं येतीया, कोण मेलं न्हाई."

दुपारपर्यंत दोघांची लय बसली. जोतीरामानं सूर धरायच्या आधीच गैबीची पाचर योग्य तारांत जाऊन बसलेली असायची. गैबीनं मान हलवायच्या आधी जोतीराम पुढच्या पट्टीवर जायचा. बोलणंही संपलं. हेनशाबाई एकदा दारातून डोकावली, थोडा वेळ पाहत राहिली आणि आवाज न करता दार ओढून गेली. शुक्रवारी संध्याकाळी एक पियानो झाला, शनिवारी दुपारी बारा वाजता दुसरा. गैबीनं सा, गंधार, पंचम दाबले. गंधार थरथरला. मग त्यानं तेच रे पासून दाबलं, मग ग पासून, मग काळ्या पट्ट्यांवरून. सगळीकडं तीच थरथर, तेवढीच. मांजर कुठं दिसेना.

चार वाजता हॉल भरला. पुढं साहेब लोक आणि दरबारची मंडळी, मागं मुली, त्यांच्या आया, आणि गर्दीत अर्धी पेठ, कारण पाटी चुलीत जाते की नाही हे सगळ्यांनाच बघायचं होतं. मेहमुदा बायकांत बसली होती. गैबी आणि जोतीराम मागच्या व्हरांड्यात खिडकीशी उभे राहिले. हंबीरराव कुठूनतरी एक खुर्ची घेऊन आले आणि तीत अर्धेच मावले.

दोघींनी एकमेकींकडं पाहिलं आणि सुरुवात केली. पहिलं पान बुधवारइतकं गोड नव्हतं. गैबीला ते जाणवलं आणि त्यानं खिडकीचा गज धरला. शिरीनबाईनं एक ओळ टाकली, हेनशाबाईनं ती झेलली, उलटी करून परत दिली. एक बोलत असताना दुसरी खालून धरून होती, क्षणात अदलाबदल झाली, आणि कोण गाणारी, कोण साथीची ते सांगता येईना. गैबीच्या जगात गवयी पुढं आणि तंबोरा मागं, हे ठरलेलं. इथं दोघी गवयी होत्या आणि दोघी तंबोरा.

मग पान उलटलं. गैबीनं डोळे मिटले.

सा उठला. आपल्या जागेवरून सरळ उठला, उंबरा ओलांडला आणि शेजारच्या घरात जाऊन असा बसला की जन्मापासून तिथलाच. तिथून पुढच्या घरी. प्रत्येक ठिकाणी त्याला पाट मिळाला. गैबी त्याच्या मागं मागं चालत होता, कुठं ठेच लागते का बघत. काळ्या पट्ट्यांच्या आडगल्लीत शिरताना त्यानं पाऊल जपून टाकलं. ठेच लागली नाही. आणि कितीतरी वेळानं, पार लांबून फिरून, तो सा परत पांढऱ्या पहिल्याच्या दारात आला, तेव्हा ते घर पूर्वीपेक्षा मोठं वाटलं. बसून राहिलेल्याला घर असं कधी दिसत नाही, हे गैबीला पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं. आपण किती वेळ गज धरून उभे होतो ते त्याला हातावरच्या वळावरून समजलं.

टाळ्या थांबल्यावर दोघी बाया व्हरांड्यात आल्या. शिरीनबाईच्या कपाळावर घाम होता. "गैबीभाई, मस्त झालं. एकदम मस्त."

"आपले आभार," हेनशाबाई म्हणाली, आणि मग जोतीरामाकडं वळून, "आपलेही."

जोतीरामानं फेटा सारखा केला. पण त्याचं लक्ष दुसरीकडं होतं. "मिस्त्री," तो म्हणाला, "चारच्या जागी चाळीस माणसं हायत. सांगा आता. माझी पेटी सुरात का बेसूर?"

हंबीरराव खुर्चीतून पुढं सरकले. गैबीला खोटं बोलून सुटता आलं असतं, आणि त्या आनंदात कुणी हटकलंही नसतं. पण उस्तादांनी पाठमोरं बसवून घेतलेली परीक्षा त्याला आठवली.

"बेसूरच हाय," तो म्हणाला. "दहा वर्सामागं हुती तशीच. पर सगळीकडं सारखी बेसूर हाय. कुणाला कमी न्हाई, कुणाला जास्त न्हाई. तसं करायला माझ्या कानशीला जमलं नसतं."

जोतीरामानं मान डोलावली. "त्येच म्हंत हुतो मी," तो म्हणाला, आणि पेटी कडेवर घेऊन गुळाच्या गाडीची चौकशी करायला निघाला. गैबीनं त्याला सोडलं नाही. त्या दिवशी जोतीराम मेहमुदाच्या हातचं जेवून गेला.

सोमवारी दुपारी गैबी शिडी लावून पाटी उतरवताना दिसला आणि हंबीरराव झोप टाकून उठले. "आता काय झालं? जुळलं की सगळं."

"जुळलं. पर पाटी अर्धी हाय."

त्यानं पाटी रंगाऱ्याकडं नेली. चार दिवसांनी ती परत दारावर चढली. वरची उस्तादांची ओळ तशीच होती. खाली बारीक अक्षरांत दुसरी ओळ आली होती : 'भजनी मंडळींच्या पेट्या सुधारल्या जाणार नाहीत.'

मुंबईचा ट्यूनर पुढं आला नाही, कारण त्याला कुणी बोलावलं नाही. पुढं दर डिसेंबरात, गुऱ्हाळाच्या एका काहिलीला सुट्टी देऊन, जोतीराम पेटी घेऊन हातकणंगल्याहून यायचा आणि दोघं मिळून दोन्ही पियानो लावायचे. तिसऱ्या-चौथ्या वर्षी गैबीला पेटीची गरज उरली नव्हती, ती लाट त्याच्या कानात बसली होती. पण हे त्यानं जोतीरामाला कधी सांगितलं नाही, आणि जोतीरामानंही कधी विचारलं नाही.

पाटी चढल्यानंतर जोतीराम पहिल्यांदा दुकानात आला, तेव्हा मात्र त्यानं हंबीररावांना ती वाचून दाखवायला लावली. हंबीररावांनी दोन्ही ओळी मोठ्यानं वाचल्या. जोतीरामानं कमरेवर हात ठेवून ऐकलं.

"बरं लिवलंय," तो म्हणाला. "पर खाली माझं नाव घालाय पायजे हुतं."